पांढरा माच

रत्नप्रभेबद्दल सांगायचं तर आधी मला स्वतःला दोन शिव्या घालाव्या लागतील. त्या घालून घेते आणि मग सांगते. मी द्रौपदी, भांडुपच्या डोंगराला लागून असलेल्या आमच्या चाळीतली तोंडाळ बाई. नळावर माझ्यापुढे हंडा सरकवायची कुणाची टाप नव्हती. आणि अशी ही मी, सहा वर्षं शेजारणीचा मार ऐकत गप्प बसले.

चाळ बैठी, सात खोल्यांची. मागं जमीन उतरती, म्हणून प्रत्येकानं मागच्या दाराबाहेर खांब ठोकून लाकडी फळ्यांचा माच केला होता. तिथंच भांडी घासायची, पापड वाळवायचे, संध्याकाळी वाऱ्याला बसायचं. माझ्या आणि रत्नप्रभेच्या माचाच्या मध्ये पत्र्याचा आडोसा होता. पलीकडचं दिसायचं नाही, पण शिंकलेलंसुद्धा ऐकू यायचं.

रत्नप्रभा कणकवलीकडची. शिवणाचं मशीन घेऊनच सासरी आलेली. आम्हा सगळ्या बायकांचे ब्लाउज तीच शिवायची आणि टेप लावता लावता टिंगल करायची. "द्रौपदे, बिस्किटं पॅक करतेस की खातेस गं? गेल्या दिवाळीपेक्षा दीड इंच वाढलीस!" मी बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला होते ना. पत्त्यांत तर लबाड एक नंबरची, आणि पकडली की मालवणीत भांडायची. स्वतःच्या ब्लाउजला मात्र मनगटापर्यंत बाह्या, मे महिन्याच्या घामातसुद्धा. कारण आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनंही कधी विचारलं नाही.

तिचा नवरा जयवंत. रंगाच्या कंपनीत स्टोअरकीपर, चाळीच्या गणपती मंडळाचा अध्यक्ष, बाहेर नुसता गुळासारखा. "वहिनी, काही लागलं तर सांगा हां!" आणि घरात? मुडदा बशिवला मेल्याचा! दारू प्यायचा नाही, हे तर आणखी वाईट. शुद्धीत मारायचा. आमटीत मीठ जास्त, दार उघडायला उशीर, काहीही पुरायचं. दंडाला धरून तिला मागच्या माचावर न्यायचा, म्हणजे रस्त्यावरून कुणाला दिसायला नको. पत्र्यापलीकडून मला फळीवर डोकं आपटल्याचा आवाज यायचा. मग पाण्याची बादली ओतल्याचा. माचाला तांबडं रेड ऑक्साइड मारलेलं होतं. पाणी पडलं की काही कळायचं नाही.

शहाऐंशीच्या शिमग्यात त्यानं लाथ घालून तिची बरगडी मोडली. कूस दाबत ती माझ्या दारात आली. "चौकीवर चल माझ्याबरोबर. बोलणारं माणूस पाहिजे." मी गेले. हवालदारानं मला विचारलं, "मारताना पाहिलंत?"

"ऐकलं," मी म्हटलं.

"ऐकलं म्हणजे? रेडिओ आहे काय? रक्त कुठाय? साक्षीला काय लिहू?"

रत्नप्रभा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नुसतं "पाहिलं" म्हणायचं होतं. पण माझा नवरा भीमराज जयवंताच्या वशिल्यानं त्याच कंपनीत चिकटलेला, अजून कायम झाला नव्हता. मी जीभ गिळली. चौकीची पायरी उतरताना ती म्हणाली, "एक दिवस हा मला मारून टाकणार आणि तुम्ही सगळ्या म्हणणार, पाय घसरला बिचारीचा." बोलायला तोंड कुठं होतं?

त्या वर्षी गणपतीच्या आधी जयवंतानं टूम काढली. सगळ्यांचे माच रंगवायचे, रंग तो कंपनीतून आणणार. रविवारी सकाळी शेडकार्ड घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसला. सगळी चाळ गोळा झाली. विमलाला पोपटी पाहिजे, वनमालाला आकाशी, आणि त्यावरून दोघींची अशी जुंपली की झिंज्या धरायच्या बाकी राहिल्या. मी म्हटलं, "रेड ऑक्साइडच मारा, डाग दिसत नाहीत." हे मीच बोलले. किडे पडोत माझ्या तोंडात!

"म्हणूनच नको," रत्नप्रभा म्हणाली. "आमचा माच पांढरा."

सगळे हसायला लागले. वनमाला म्हणाली, "अगं, भांडी घासतेस ना तिथं? दोन दिवसांत वाट लागेल!"

"लागू दे. माका पांढरोच व्हयो."

जयवंतानं तिच्याकडे असं पाहिलं की माझ्याच अंगावर काटा आला. पण चारचौघांत बायकोची एवढी हौस मोडली तर देवमाणूस कसला? "झकास! पांढरा म्हणजे पांढरा," म्हणाला. दुपारी दार लावून त्यानं तिच्या हातावर तापलेली इस्त्री ठेवली. तिची किंकाळी सातही खोल्यांत गेली, आणि सातही खोल्यांतले रेडिओ मोठे झाले. तरी तिनं रंग बदलला नाही. दुसऱ्या दिवशी फडकं बांधलेल्या हातानं स्वतः ब्रश घेऊन बसली. मला वाटलं, काय ही हट्टी बाई, कशाला मार ओढवून घेते! इतकी मी शहाणी.

गौरीच्या जेवणाला दुपारी बायका तिच्याकडे जमायच्या. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गौरी-गणपती नसतात, पण त्यांच्या गौरीला मटणाचा नैवेद्य, आणि तिच्या हातच्या वडे-सागुतीला नाही म्हणायला मी वेडी नव्हते. लुगडं बदलून निघणार, तोच पलीकडून आवाज आला. धप्प. पुन्हा धप्प. तिसऱ्या वेळी ती ओरडलीच नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पत्रा लाथेनं आडवा केला.

पांढऱ्या फळ्यांवर रक्त काय दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. तिचे केस भिजलेले, कानातून धार लागलेली. जयवंत बादली घेऊन उभा. "वहिनी, पाय घसरला हो हिचा," आवाज तसाच गोड. तो पाणी ओतणार, तेवढ्यात रत्नप्रभेनं दोन्ही हातांनी त्याचा पाय घट्ट धरला.

"धुवू देऊ नको. द्रौपदे, त्याला धुवू देऊ नको!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिनं रंग निवडला होता तो यासाठी.

त्यानं तिच्या तोंडावर लाथ घातली. मी वरवंटा घातला त्याच्या मनगटावर. हाड मोडलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. बादली घरंगळत खाली गेली. त्यानं दुसऱ्या हातानं माझा गळा धरला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तेवढ्यात पुढच्या दारानं जेवायला आलेल्या बायका मागं धावल्या. माच बघून जागच्या जागी थिजल्या. इतकी वर्षं कानाडोळा केलेला, आता कुठं बघणार होत्या?

पहिला पाट घातला वनमालानं. विमला म्हणजे झुरळाला भिणारी बाई, तिनं तेलातला तापलेला झारा त्याच्या मानेवर ठेवला. आम्ही त्याला माचावरून खाली चिखलात ढकलला आणि खाली उतरूनही सोडला नाही. चपलांचे अंगठे तुटेपर्यंत हाणला. "आई गं, मेलो गं," ओरडत होता. ओरड म्हटलं, रेडिओ बंद आहेत आज.

हवालदार तोच आला. माचावर पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. खालून जयवंताचं चालूच होतं, "पडली हो साहेब, घसरून पडली! विचारा कुणी पाहिलंय का!"

"मारताना पाहिलं का कुणी?" हवालदारानं विचारलं.

"मी पाहिलं," मी म्हटलं. "या दोन डोळ्यांनी. केस धरून तीनदा डोकं आपटलं. लिहा."

त्यानं लिहिलं. भीमराज दारात पांढराफटक पडून उभा होता. त्याची नोकरी गेली हे मला तिथंच कळलं, पण मी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. आणि खरं सांगते, डोकं आपटताना मी त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. ऐकलंच होतं.

रत्नप्रभा मुलुंडला इस्पितळात अकरा दिवस होती. डोक्याला टाके पडले, ते भरले. डावा कान गेला तो गेलाच. जयवंत कोठडीत होता. कारखाना सुटला की मी डबा घेऊन जायचे आणि तिच्या उजव्या बाजूला बसायचे. पाचव्या दिवशी ती जरा उठून बसली, तर मी ऐटीत सगळं सांगायला लागले. हवालदाराला कशी थाप मारली, न पाहिलेलं कसं पाहिलं म्हणून ठोकून दिलं. म्हटलं, आज तरी हसेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. तोंडातला घास गिळला, डब्याला झाकण लावलं.

"द्रौपदे," ती म्हणाली, "हेच खोटं शिमग्यात बोलली असतीस, तर माझा कान वाचला असता."