सुटलेल्या सुताराची बॅग

कुवेतमधल्या आमच्या फहाहीलच्या खोलीतल्या सुताराला मारामारीच्या केसमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली होती. त्यातली निम्मी माफ झाल्याचा फोन आला, तेव्हा खोलीत सगळे म्हणाले, "सुटला बिचारा!"

कसला सुटला? परदेशी माणसाला ती माफी हद्दपारीच्या अटीवर होती. बोटांचे ठसे घ्यायचे आणि तुरुंगातून थेट विमानात. खोलीवर यायला मिळणार नव्हतं आणि कुवेतला तर पुन्हा कधीच नाही.

त्याची बॅग पोचवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यात कोणी गावी निघालं की प्रत्येकाने त्याच्याबरोबर आपल्या घरी पार्सल धाडायचं, ही रीतच आहे. पण या वेळीही? मी ड्युटीवरून आलो तर बॅग भरून तयार. साबण, अत्तर, दूधपावडर, प्रत्येक पुड्यावर ज्याच्या त्याच्या घरचं नाव. सुताराचे कपडे आणि हत्यारं पलंगाखाली ढकललेली.

"वजनात बसेना," एक जण निर्लज्जपणे म्हणाला.

मला शिसारी आली. सगळ्यांना तोंड भरून शिव्या घातल्या. मग सुताराचे दोन शर्ट बॅगेत कोंबले आणि उरलेल्या फटीत माझ्या आईसाठी घेतलेली, तिचं नाव लिहिलेली बामची बाटली सरकवली.

विमानात बसवण्याआधी ठेवतात त्या हद्दपारीच्या कोठडीत त्याने माझ्यासमोरच बॅग उघडली. एकेक पुडा उलटून नाव वाचलं, बाटलीवरचंही.

"माझ्या पोरीसाठी काय आहे रे ह्यात?" त्याने विचारलं.