म्हैस सुटल्याची हाक

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय, कारण आमच्या गावात ही गोष्ट ज्या कौतुकाने सांगतात ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आमचं गाव लोणावळ्याहून भुशीच्या अंगाला. मी रेल्वेत नोकरीला, गौरीसाठी सुट्टी काढून आलेलो. मुसळधार पाऊस, वीज आदल्या दिवसापासून गायब. काका लोणावळ्यात मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. गौरीपुढची आरास लखलखलीच पाहिजे म्हणून त्यांनी आपला जनरेटर आणला... आणि ठेवला कुठे, तर पडवीत! आमच्याकडे पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून पडवीला गवताचे ताटवे बांधून वरून गोणपाट ठोकतात. वारासुद्धा आत शिरत नाही.

"काका, धूर कोंडतोय," मी म्हणालो.

"आरं, भाईर मशीन भिजंल की! घरात चूल न्हाई का पेटत? तिच्या धुरानं कोन मेलंय?"

असं म्हणून ते पेट्रोल आणायला निघून गेले. बायका पुरणपोळी जेवून माजघरात लवंडल्या. आईचं डोकं ठणकायला लागलं, मावशीला मळमळायला लागलं.

"पुरान अंगावर आलंय. पडा जरा," काकू म्हणाली. सगळ्यांना ते पटलं!

मी अंगणात म्हशीला वैरण टाकत होतो. इतक्यात आई, काकू आणि मावशी धडपडत बाहेर आल्या. काकू तर तिथेच ओकायला लागली.

"म्हस कुटं गेली रं?" आईने विचारलं.

"ही काय, हितंच बांधलीया."

"मग कोन बाई वरडली? 'म्हस सुटली, समद्या भाईर या' म्हनून?"

तिघींनी ऐकलं होतं. आणि मी अंगणात उभा – तिथे कुणीही ओरडलं नव्हतं.

"कुसुम कुटंय?" मी विचारलं.

कुसुम माझी धाकटी बहीण. लहानपणी तापात तिचे कान गेले होते.

आत धावलो. भिंतीला टेकून बसली होती, झोपल्यासारखी, गाल लाल. उचलून पावसात आणली. हलवलं, हाका मारल्या. नाही उठली.

डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं – जनरेटरचा गॅस. त्या गॅसला ना रंग, ना वास. बंद जागेत तो माणसाला झोपेतच संपवतो. पण गावाने काय धरलं? गौराई हाक मारून गेली! लोक नारळ घेऊन यायला लागले. माझी बहीण मेली होती, आणि हे नारळ फोडत होते!

पुढच्या गौरीला पुन्हा वीज गेली, आणि काका जनरेटर घेऊन पडवीच्या पायरीवर हजर.

"गौराई हाय की राखायला," म्हणाले.

ते धूड मी ओढत पार बांधापलीकडे नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांना शिवी हासडली.

हाक कुणाची होती? आई, काकू, मावशी शेवटपर्यंत तेच शब्द सांगायच्या. लोक म्हणतात, हात जोड. नाही जोडत! जिला आमच्या दावणीची म्हैस ठाऊक होती, तिला कुसुमला ऐकू येत नाही एवढं ठाऊक नव्हतं? हाक कसली मारतेस बाई... हात धरून ओढायचं होतंस तिला.