वाकवलेलं बोट

कोवळ्या दुधीकडे सरळ बोट दाखवलं तर तो कुजतो, असं आई मानते. म्हणून गॅलरीतल्या वेलाकडेही मी बोट वाकवूनच दाखवते. नुसतं दाखवल्याने, नाव घेतल्याने वस्तूला खरंच काही होतं का?

आज डॉक्टर पडद्यावर आईच्या पोटातला डाग दाखवत माझ्याशी इंग्रजीत बोलले. ‘मॅलिग्नंट’ म्हणाले. आईला समजेल असं सांगायचं, तर मला ‘कॅन्सर’ म्हणावं लागलं असतं.

“काय म्हणाले गं?” आईने विचारलं.

“छोटी गाठ आहे. ही इथे.” माझं बोट आपोआप वाकलं.

आई हसली. “वेडे, हिच्याकडे सरळ बोट दाखव की! कुजू दे मेली.”

मी बोट सरळ केलं. तो शब्द मात्र अजून वाकवूनच धरला आहे.