दुसऱ्या रिपोर्टची वाट

हॉस्पिटलातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते वाट बघता बघता साचतात!

मी पारनेरच्या एका छोट्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होते. छातीत दुखतंय म्हणून कुणी आलं की डॉक्टर गायत्री मॅडम ईसीजी काढायच्या आणि मी रक्त घ्यायचे. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं. ते किती आहे, वाढतंय का, यावरून पुढचा धोका कळतो. म्हणून काही तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. मधल्या वेळात पेशंट, नातेवाईक, शिंदे सिस्टर आणि मी, आमच्या नुसत्या गप्पा!

आता मी पुण्यात मोठ्या लॅबमध्ये असते. तिथे बारकोड चिकटवलेल्या नळ्या येतात. माणसं येत नाहीत. एखाद्या नळीचा आकडा वाढलेला दिसला की वाटतं, या पेशंटबरोबर कोण आलं असेल?

*

एका आजोबांचं रक्त घेत होते. त्यांनी विचारलं, "ह्याच्यात समदं कळतं व्हय, ताई?"

"हृदयाचं कळतं, बाबा."

"मंग पोरगं पुन्याहून कधी येनार, ते बी बघा की!"

मी हसले. ते हसले नाहीत.

*

एक बाई आल्या, चाळिशीच्या. नवरा भावाबरोबर ऊसतोडीला गेलेला. लेकीच्या बाळंतपणासाठी या वर्षी त्या घरीच राहिलेल्या. छातीत धडधड, हातापायांना कापरं. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. मॅडम खुशीत म्हणाल्या, "काही नाही हो, घाबरू नका!"

बाईंचा चेहरा पडला.

"नॉर्मल? आवो, ते कारखान्यावरनं निगालेत! आता काय सांगू त्यांना?"

मॅडमनी त्यांचाच मोबाईल घेतला, नवऱ्याला फोन लावला. "रिपोर्ट चांगला आहे. पण तुम्ही या. दोन दिवस राहून जा."

फोन ठेवल्यावर बाई पदराआडून म्हणाल्या, "चार म्हनला असता, मॅडम!"

*

दोन भाऊ. बांधावरून भांडण, कित्येक वर्षं बोलणं नाही. धाकट्याच्या छातीत कळ आली. त्याला बायकोने आणलं. थोरला मागून मोटारसायकलवर आला, पण आत येईना. दारातूनच मला खुणेने विचारायचा, वाढलं का? दुसऱ्या रिपोर्टमध्ये आकडा चांगलाच वाढला. मॅडमनी लगेच नगरला हलवायला सांगितलं. अँब्युलन्सचं दार लागणार, तेवढ्यात थोरला आत चढून बसला.

धाकटा स्ट्रेचरवरून म्हणाला, "तू कशाला आलास?"

"गप पड. तुझ्या बांधावर न्हाई आलो, सरकारच्या गाडीत आलोय!"

नंतर कळलं, आठवडाभर तो तिथेच आयसीयूच्या बाहेर झोपत होता. धाकटा वाचला. बांधाचं मात्र अजून मिटलेलं नाही म्हणे!

*

आणि एक किस्सा मी पुण्यातल्या लॅबमध्ये कुणाला सांगत नाही. 

एक म्हातारा-म्हातारी आले, डोंगराकडच्या वाडीवरून. आजोबांच्या छातीत दुखत होतं, ते फार घाबरलेले. त्यांचा पहिला रिपोर्ट नॉर्मल आला. दुसऱ्याची वाट बघत त्यांना खाटेवर झोपवलं. आजी शेजारच्या स्टुलावर बसल्या. मधेच शिंदे सिस्टर बीपी बघायला गेल्या आणि थबकल्या. डोक्यावर पंखा जोरात चालू, आणि आजींचं झंपर घामाने चिंब!

"आजी, काय होतंय?"

"काय न्हाई. उन्हातनं आले ना."

सिस्टरनी मॅडमना हाक मारली. मॅडम म्हणाल्या, "यांचंही रक्त घ्या." आजी नको नको म्हणत होत्या. ईसीजीत ठळक असं काही दिसेना. पण मशीनवर आकडा आला आणि मी धावतच मॅडमकडे गेले. आजोबांचा दुसरा रिपोर्टही नॉर्मल. अटॅक आला होता आजींना!

नगरला नेलं. वेळेत नेलं म्हणून वाचल्या. ब्लॉकेज निघालं, स्टेंट बसवला.

महिन्याभराने दोघं दाखवायला आले. आजोबा औषधं आणायला खाली गेले, तेव्हा मॅडम जरा रागावूनच बोलल्या.

"आजी, दुखत होतं ना तुम्हाला त्या दिवशी? समोर डॉक्टर, नर्स. मग बोलला का नाहीत?"

आजींनी आधी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाल्या,

"ह्यांनी माझा हात धरला हुता, बाई. बोलले असते तर सोडला असता."