जीपची उचल

जीपखाली मी पहिल्यांदा शिरले ती संशयापोटी. गाडी खालून घासते असं सगळेच सांगत होते, पण कुठे घासते ते कोणी वाकून बघितलं नव्हतं. मी अंगणात जुनी सतरंजी पसरली, मोबाईलची बॅटरी लावली आणि पाठीवर सरकत आत गेले. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटावर ताजे, चकचकीत ओरखडे होते. सायलेन्सर एका जागी चेपला होता. बाकी ठिकाणी नुसता गंज आणि वाळलेला गाळ. मी सगळ्याचे फोटो काढून ठेवले. मला बोलण्यापेक्षा ते सोपं जातं.

त्या वर्षी पावसाळा सरला तरी तळ्यात पाणी आलं नव्हतं. आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या अलीकडे. गावातल्या बायकांची सहकारी दूध संस्था आमच्या ओसरीवरच चालायची, कारण आई तिची सचिव होती. चारा महागला, जनावरं आटली, दूध कमी झालं आणि मग दूध गोळा करणारा टेम्पो यायचा बंद झाला. आईने आजोबांच्या वेळची जीप बाहेर काढली. ड्रायव्हर चांगली नोकरी मिळाली म्हणून निघून गेला होता. मी कॉलेज संपवून घरी बसले होते आणि मला गाडी चालवता येत होती. तेवढ्यावरून ते काम माझ्याकडे आलं. बारा वर्षं इंग्रजी शाळेत आणि वसतिगृहात काढल्यामुळे गावात कोणाशी काय बोलावं ते मला पटकन सुचत नसे. गाडी चालवताना बोलावं लागत नाही.

दूध पोचवायच्या शीतकेंद्राला डांबरी रस्त्याने मोठा वळसा होता. आटलेल्या तळ्यातून गेलं तर अंतर निम्म्याहून कमी. पण शेतात टाकायला लोकांनी तळ्यातला गाळ उपसून नेला होता आणि मागे खड्डे नि उंचवटे उरले होते. जीप त्यांवर घासत, अडत जायची. एकदा तर मधला गोळाच उंचवट्यावर टेकला आणि चाकं नुसती फिरत राहिली. ऑक्टोबरच्या उन्हात दूध किती वेळ टिकणार? दोनदा ते आंबून परत आलं. केंद्रावरच्या माणसाने आईला सांगितलं, "बाई, तिसऱ्यांदा असं झालं तर तुमचं संकलन बंद करावं लागंल. वरून तसंच सांगितलंय."

हे ऐकून सगळ्यात जास्त हबकली ती कॅन चढवणारी मावशी. चाळिशीची, बुटकी, दंडाने भक्कम. कितीतरी हंगाम ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती. संस्थेकडून म्हैस मिळाल्यावर दोन वर्षं ती घरी राहिली होती आणि तिची मुलगी एकाच शाळेत सलग दोन वर्षं शिकली होती.

"दूध बंद झालं तर मला उचल घ्यावी लागंल," ती आईला म्हणाली. "मुकादम दोनदा येऊन गेला. दसऱ्यापतुर सांग म्हनला."

उचल म्हणजे मुकादम तोडणीआधी हातावर ठेवतो ती रक्कम. ती घेतली की माणूस हंगामभर बांधला गेला. आमच्या भागात हे कोणाला सांगावं लागत नाही. मला मात्र माहीत असूनही पुढे नेमक्या वेळी आठवलं नाही.

काका जीपला नवीन टायर बसवू म्हणाले तेव्हा मी सावध झाले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लातूरला नोकरीला होते, त्यामुळे घरातले निर्णय काकाच घेत. संस्थेच्या दुधाकडे त्यांनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता ते चहा पिता पिता म्हणाले, "गाडी उंच करू. टायर चांगले दणकट घालू. अंबाजोगाईचा मिस्त्री आपल्या वळखीचा हाय. त्यो सांगंल तसं कर, मधी तुझं इंग्लिश घालू नको."

आईला आनंद झाला. मला झाला नाही. साखर कारखान्याची निवडणूक जवळ आली होती आणि काकांचे पांढरे कपडे आता रोजच इस्त्रीचे असत.

मी आठवडाभर मोबाईलवर व्हिडिओ बघितले. सगळे इंग्रजीत होते आणि त्यात माणसं जंगलात, बर्फात मजेसाठी गाड्या घालत होती. तरी एक गोष्ट पक्की कळली. गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, उंच केले की वरची बॉडी वर जाते. एक्सलमधला गोळा असतो तिथेच राहतो. गोळा वर घ्यायचा असेल तर टायरच मोठे हवेत. आणि माझ्या फोटोंत ओरखडे गोळ्यावर होते.

गॅरेजमध्ये चार-पाच माणसं बसली होती. मिस्त्री बोनेटमध्ये वाकलेला. मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं, त्याचं मराठी केलं आणि म्हणाले, "मला थोडी उचल पाहिजे."

स्टुलावरच्या एकाने विडी विझवली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "कोन्या कारखान्याची, ताई?"

"टरक टोळी का बैलगाडी?" दुसरा म्हणाला.

"आरं येड्या, एकटीला कोन देतंय. कोयता जोडीनं धरत्यात. जोडीदार कुटंय इचार की."

माझे कान तापले. मिस्त्रीने त्यांना हातानेच गप्प केलं आणि जीपभोवती एक फेरी मारली. "गाडीला म्हनत्यात का तुमी? चार इंच करू. पाटे एक्सलच्या वरून घेऊ. आन् हे टायर." त्याने भिंतीला टेकवलेले टायर दाखवले. रुंद, माझ्या कमरेएवढे, बाजूला मोठी पांढरी अक्षरं. काही विचारायच्या आत काढून ठेवलेले होते.

मुलगी बघून गळ्यात मारतोय, असं मला वाटलं. मी फोटो पुढे केले. "गोळा घासतोय. पाटे वर घेऊन गोळा वर येईल का?"

त्याने फोटो बोटांनी मोठे केले, बराच वेळ बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "न्हाई येनार."

"मग चार इंच कावून?" हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कोण जाणे.

"ते तुमच्या काकाला इचारा. सकाळीच फोन आलता. गाडी लांबून दिसली पायजे म्हनले, वर चार मानसं उबी ऱ्हायली पायजेत." तो पान्हा पुसू लागला. "मला काय, सांगंल ते बसवतो. पन गाडी जुनी हाय. येवढी उंच केली तर वळनावर डुलंल. कॅन भरून तळ्यात घालनार असाल तर मी बसवलं म्हनून सांगू नका."

ज्याला मी चोर समजले होते तो माणूस सरळ निघाला. मी जीप तशीच परत आणली.

घरी पोचायच्या आधी माझं वाक्य पोचलं होतं. संध्याकाळी मावशी दूध घेऊन आली तेव्हा तिने किटली ओसरीवर ठेवली, पण बसली नाही.

"ताई, तुमी गॅरेजात उचल मागितली म्हनं."

"गाडीची, मावशी. गाडी वर उचलायची."

"गाडी." तिने मान हलवली, पण ती पटल्यासारखी नव्हती. "मुकादमाचं आन् तुमच्या काकाचं बसनं-उठनं हाय. मला वाटलं टोळीच भरायला काढली. आमचं दूध बंद करून आमालाच तोडीला घालायचं."

मला राग आला, मग लाज वाटली. आठवडाभर मी सगळ्यांवर संशय घेत होते. माझ्यावर कोणी घेईल हे मनात आलं नव्हतं. मी तिला जीपपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. गोळा, पाटे, टायर, काकांचे चार इंच. एका दमात इतकं मी गावात कधी बोलले नव्हते.

ती ऐकत होती, पण बघत होती जीपच्या मागच्या फळीकडे. मग फळीला पाठ लावून उभी राहिली. फळीची कड तिच्या कमरेला लागत होती.

"चाळीस लिटरचा कॅन," ती म्हणाली. "मी आन् तुमची आई, दोगी धरून हितवर नेतो. तुमी गाडी चार इंच वर नेनार, टायर आनखी वर नेनार. मंजी कॅन आमी बरगडीपतुर न्यायचा. उचल गाडीला न्हाई ताई, आमाला द्यायलात तुमी."

एकाही व्हिडिओत कॅन नव्हता.

तिने गोठ्यातून सुतळी आणली. एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, सुतळी ताणून कमरेच्या वर दोन बोटं नेली आणि तिथे गाठ मारली. "हितवर. ह्येच्या वर न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती सुतळी मी मिस्त्रीपुढे ठेवली. तो हसला नाही. त्याने पाटे उतरवले, तर मागचा एक तडकलेला निघाला आणि बाकीचे वर्षानुवर्षांच्या वजनाने सपाट झालेले. जीप मुळात जितकी उंच होती तितकीही उरली नव्हती. सायलेन्सर त्यामुळेच चेपला होता. तडकलेला पाटा बदलला, बाकीच्यांना पुन्हा कमान मारून घेतली. टायर एकच माप मोठे, अरुंद, खोल नक्षीचे. अक्षरांचे टायर भिंतीलाच राहिले. शेवटी मिस्त्रीने स्वतः सुतळी जमिनीपासून धरली. फळी गाठीच्या बरीच वर गेली होती, चार बोटं तरी.

"ह्येच्या खाली गोळा घासंल," तो म्हणाला. "आता तुमीच ठरवा."

मला ठरवता आलं नाही. मी जीप घरी आणली आणि मावशीला गाठ दाखवली. ती म्हणेल, तुमी बी तसल्याच, अशी माझी तयारी होती. तिने चारी बाजूंनी बघितलं, आत जाऊन कुदळ आणली आणि ओसरीसमोर, जिथे मागची चाकं उभी राहतात, तिथे जमीन खोदायला लागली. दोन चाकांना दोन चर, चार-पाच बोटं खोल, पुढच्या बाजूला उतार दिलेले.

"मागं घ्या गाडी," ती म्हणाली. "चाकं चरात येऊ द्या."

मी गाडी मागे घेतली. चाकं खाली बसली, मागची बाजू खाली झुकली. मावशीने सुतळी लावली. गाठ आणि फळीची कड जुळली.

तेवढ्यात काका आले. त्यांनी अरुंद टायर बघितले, मग खड्ड्यात बूड टेकवून बसलेली जीप. "ही काय दशा केली गाडीची? म्हस बसल्यावानी दिसतीय."

"म्हशीसाठीच हाय की ती, मालक," मावशी म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. मी मोबाईलमधले फोटो पुढे धरले. त्यांनी ते घेतले नाहीत.

सकाळी चार कॅन चढवले. तळ्यात पहिल्या उंचवट्यावर मी श्वास धरून बसले. खालून आवाज आला नाही. दुसऱ्यावरही नाही. मागे मावशी कॅनची झाकणं दोन्ही हातांनी दाबून बसली होती. केंद्रावरच्या माणसाने दूध ढवळलं, वास घेतला, नमुना तपासला आणि काही न बोलता कॅन आत ओढला. त्याचं ते न बोलणं आम्ही दोघींनी बरोबर ऐकलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुकादम मोटारसायकलवरून आमच्या दारात आला. मावशी कॅन धूत होती. "काय ठरलं?" त्याने विचारलं. तिने चराकडे हात केला आणि म्हणाली, "उचल झाली आमची, ह्या वर्सीची." त्याला काही कळलं नसावं. थोडा वेळ जीपकडे बघून तो पुढच्या वस्तीला गेला.

सुतळी तिने ओसरीच्या खुंटीला टांगून ठेवली. रोज सकाळी कॅन चढवायच्या आधी ती फळीला लावून बघायची. रात्रीतून कोणी जीप उंच करून ठेवली की काय, असं. मी एकदा विचारलं, "संशय काकांवर आहे की माझ्यावर?"

"बगून घेतलेलं बरं असतंय," ती म्हणाली, आणि कॅनची एक कडी माझ्या हातात दिली.