आप्पासाहेबांची जाड चाकं

किस्से कसे साठतात म्हणाल, तर गॅरेजच्या मागं जुने टायर साठतात तसे. कुणी उचलून नेत न्हाई, कुणी जाळत न्हाई. पावसाचं पाणी साचतं आणि नुसते डास होतात. माझ्याकडं असला माल लई पडलाय. आता आमच्या आळीतली पोरं जीपला रुंद टायर बसवून आणतात आणि मलाच सांगतात, "आजोबा, तुमच्या टायमाला असलं न्हवतं!"

न्हवतं व्हय? बसा खाली.

त्या वेळी मी भोरला आप्पासाहेबांच्या गाडीवर डायवर होतो. आप्पासाहेब म्हणजे रस्त्याचे कंत्राटदार. मुरूम टाकायचे, पाऊस आला की मुरूम वाहून जायचा, पुन्हा टाकायचे. त्या पुण्याईवर त्यांनी मायदेशी परत निघालेल्या एका साहेबाची अमेरिकन गाडी घेतली. दोनच दारं, आठ सिलेंडर, रंग एसटीपेक्षा तांबडा. चालू केली की स्टँडावरची कुत्री शेपूट घालून पळायची. पेट्रोल असं प्यायची, की पंपवाला मला रामराम घालताना कमरेतनं वाकायचा.

*

आप्पासाहेबांच्या लेकीची सोयरीक वेल्ह्याच्या एका मोठ्या घरात ठरली. मुलाचा बाप रावसाहेब बोलणी करायला भोरला आला. च्या पिऊन झाल्यावर त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून चाकं बघितली आणि म्हणाला, "अंगानं पैलवान हाय. पाय तेवढे बगळ्याचे!"

सगळे हसले. आप्पासाहेब बी हसले, पण नुसत्या दातांनी.

"रावसाहेब, मुलाला टिळा लावायला येईन तर ह्याच गाडीत बसून येईन. जाड चाकांवर! न्हाईतर वेल्ह्यात तोंड दाखवणार न्हाई!"

रावसाहेब म्हणाला, "या की. वेशीवर वाजंत्री उभी करतो."

झालं! पोरगी द्यायची राहिली बाजूला, चाकं द्यायचं ठरलं.

*

एसटी स्टँडामागं गुलाबमिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक चिंच. गुलाबला कुठलंही काम सांगा, "होऊन जाईल" म्हणायचा. काय होऊन जाईल, ते सांगायचा न्हाई.

त्यानं पुण्यातनं मिलिटरीच्या भंगारातले ट्रेलरचे रुंद टायर आणले. आता एवढ्या रुंद टायरला रिम कुठली? गुलाबनं गाडीच्याच रिमा मधोमध कापल्या, आत लोखंडी पट्टी घातली आणि वेल्डिंग मारलं. लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतो, तीच हिंमत!

म्या विचारलं, "मिस्त्री, ह्याच रिमा कापल्या. उद्या जुनी चाकं परत बसवायची म्हणली तर?"

"परत कशाला बसवायची?"

"आणि वेल्डिंग सुटलं तर?"

"सुटलं तर माझ्याकडंच आणाल की! जाताय कुठं?"

धंदा शिकावा तर असा.

*

चाकं बसवली तेव्हा गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवलेली. चाकं खाली मोकळी लोंबत होती. गुलाबनं मडगार्ड आणि टायरच्या मधनं हात घातला. कोपरापर्यंत गेला.

"हात जातोय! बास!"

हेच त्याचं माप. गाडी खाली घेतली, नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि मी एकट्यानं गाडी बाहेर काढली. काय पळाली! न्हाव्याच्या दुकानातनं अर्धी दाढी झालेली माणसं रस्त्यावर आली.

मग मागच्या शिटावर आप्पासाहेब बसले. आप्पासाहेबांचा देह असा, की पुढंमागं काय झालं तर खांदा कुणी द्यायचा, ह्याची गावाला आधीपासनंच काळजी होती. गाडी मागनं खाली बसली, मडगार्ड टायरवर टेकलं आणि 'खर्रर!' रबर जळाल्याचा वास सुटला. आप्पासाहेब उतरले, आवाज बंद. बसले, खर्रर. उतरले, बंद.

गुलाब गाडीभोवती फिरला. मग आप्पासाहेबांभोवती फिरला. आणि म्हणाला, "आप्पासाहेब, गाडीत काय दोष न्हाई!"

*

पुढची चाकं तर त्याहून गुणाची. जरा जास्त वळली की आत टेकायची. सरळ जायला गाडी एक नंबर. वळायचं काय, हे कुणी बोललंच न्हवतं!

हात बसावा म्हणून मी रोज उत्रोलीच्या रस्त्याला जायचो. पण परत फिरायचं कसं? एका म्हातारीचं भात मळायचं खळं तेवढं ऐसपैस होतं. त्यात गाडी घालायची, गोल फेरा मारायचा आणि भोरच्या वाटेला लागायचं. म्हातारीनं बरेच दिवस बघून घेतलं. एक दिवस कमरेवर हात ठेवून आडवी उभी राहिली. मला वाटलं, आता शिव्या.

"रोज येतोयास तर मोकळा का फिरतोस, बाबा? खाली पेंढ्या टाकते. मळणी तरी हुईल!"

आणि टाकल्या! माझ्या गाडीनं निम्मं भात मळून दिलं. त्या टायरांनी जन्मात केलेलं सरळ काम तेवढंच.

*

टिळ्याचा दिवस जवळ आला आणि आप्पासाहेबांची झोप उडाली. मुलगी सोन्यासारखी, मुलगा चांगला, पण मधी ही चाकं. जुनी परत बसत न्हाईत आणि नवी मालकाला बसू देत न्हाईत!

गुलाब म्हणाला, "मडगार्ड कापू का?"

"आधी तुझं नाक कापतो! रंग अमेरिकेचा हाय!"

"मग वजन कमी करावं लागंल."

"गाडीचं?"

गुलाब चिंचेकडं बघत राहिला.

आप्पासाहेबांनी त्या दिवसापासनं मटण सोडलं, रातचं जेवण सोडलं. त्यांची मंडळी आक्का. ती चुलीपुढनं म्हणाली, "डाक्टर सांगून दमला, मी सांगून दमले. ऐकलं कुणाचं, तर टायरचं!"

काही दिवसांनी पुन्हा गाडीत बसून बघितलं. खर्रर. पण आवाज जरा बारीक.

गुलाब म्हणाला, "सुधारणा हाय!"

*

टिळ्याच्या दिवशी आप्पासाहेबांनी डोकं लढवलं. मला म्हणाले, "धोंडिबा, तू मोकळी गाडी घिऊन म्होरं जा. मी आन घरची मंडळी एसटीनं येतो. वेल्ह्याच्या अलीकडं वडाखाली थांब. तितनं मी गाडीत बसतो. वेशीपर्यंत हळूहळू जाऊ. वाजंत्रीच्या आवाजात खर्रर कुणाला ऐकू येतंय!"

बेत नामी होता. अडचण एकच. जरीचा बांधलेला फेटा एसटीच्या गर्दीत चेंगरला असता. म्हणून तो मागच्या शिटावर मधोमध ठेवला. तुरा वर करून.

मी वडाखाली जाऊन थांबलो. एसटी काय येईना. आली ती वाजंत्री! पावण्यांना सामोरं जायचा रिवाज. रावसाहेबाच्या अंगात इतका हुरूप, की वेस सोडून वडापर्यंत आला. संगं पंचारती घेतलेल्या बाया, मागं निम्मं वेल्हं.

रावसाहेबानं चाकं बघितली. बराच वेळ बघितली. मग काचेतनं आत डोकावला.

"आप्पासाहेब कुठं हायत?"

आता काय सांगू? एसटीनं येत्यात म्हणावं, तर सोयरीक तितंच खर्रर! तोंडाला आलं ते बोललो.

"फेटा आलाय."

वाजंत्री थांबली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. रावसाहेबानं मिशीवरनं हात फिरवला.

"खरं हाय. पूर्वी बड्या घरचा नवरदेव स्वतः जात न्हवता, तलवार पाठवायचा. तिच्याशी लगीन लागायचं. आमच्या याह्यानं फेटा पाठवला. चालतंय की!" आणि आपल्या बायकोकडं वळून म्हणाला, "अगं, बघतीस काय? ओवाळ!"

तिनं दारातनं आत वाकून फेट्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आरती फिरवायला घेतली. वाजंत्री दुप्पट जोरात!

तेवढ्यात धुरळा उडवत एसटी आली आणि गर्दी बघून मागंच थांबली. आधी आक्का उतरली, मग पावणेरावळे आणि शेवटी उघड्या डोक्याचे, धुरळ्यानं नखशिखांत तांबडे झालेले आप्पासाहेब. माणसं ढकलत तरातरा गाडीपाशी आले आणि आत बसायला त्यांनी दाराला हात घातला.

रावसाहेबानं त्यांना वरपासनं खालपर्यंत बघितलं. खांद्यावर हात ठेवला. आणि लई अदबीनं म्हणाला,

"पावणं, जरा मागं सरा. आप्पासाहेबांना ओवाळायचं चाललंय!"