मॉडेलचा परकर

किळस म्हणजे काय, हे धम्मशीलाला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं. वडिलांचा, किसनरावांचा, पाय शुगरने सडला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. जखमेतल्या अळ्या ती चिमट्याने एकेक वेचून काढायची. विचारपूस करायला आलेले वरवट बकाल गावचे पाहुणे नाकाला रुमाल लावून दारातूनच परत फिरायचे. पुढे अकोल्याला नर्सिंग शिकताना पू, कफ, ओकारी, सगळं तिने हातांनी उपसलं आणि त्याच हातांनी, साबणाने धुऊन, डबा खाल्ला. किळस तिला भेटली ती नोकरी लागल्यावर, आणि तीही शरीराची नव्हे.

संग्रामपूरहून सोनाळ्याकडे जाताना वामनरावांचं नर्सिंग स्कूल लागतं. खाली खत-बियाण्यांचं दुकान, वर शाळा. घरापासून जवळ म्हणून धम्मशीलाने तिथे शरीररचना शिकवायची नोकरी धरली. पहिल्याच दिवशी वामनरावांनी मोठ्या कौतुकाने प्रॅक्टिकलची खोली दाखवली. लोखंडी खाटेवर रबराची पूर्ण बाई झोपवलेली होती. लघवीची नळी कशी घालायची, एनिमा कसा द्यायचा, हे मुलींनी तिच्यावर शिकायचं. मुली तिला छायाताई म्हणत. आणि छायाताईने हिरवा परकर घातला होता.

परकर वामनरावांच्या बायकोने, आशाबाईंनी, स्वतः शिवलेला. नाडीची गाठसुद्धा दोऱ्याने टाचून टाकलेली, कुणी सोडू नये म्हणून. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे, तेवढ्यापुरता तो निघायचा. म्हणजे तपासणीच्या पुरुषांनी बघितलं तर चालत होतं, शिकणाऱ्या मुलींनी बघितलं की धर्म बुडत होता. कमाल आहे की नाही?

धम्मशीलाने विचारलं तेव्हा वामनराव हसले. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं चालत असन हे सारं. ह्या चांगल्या घरच्या पोरी हायेत."

'तुमच्याकडं' म्हणजे कुणाकडं, हे न कळायला ती लहान नव्हती. अंगावर पाल पडावी तसं तिला झालं. पण नोकरी नवी होती, घरी आई, बेबीताई, एकटी होती. ती मूग गिळून बसली. प्रजननसंस्थेचा धडा आला की फळ्याकडे तोंड करून सांगायची, घरी वाचून घ्या, परीक्षेत पाचातले चारच प्रश्न लिहायचे असतात, हा सोडला तरी चालतं. मुली सुटकेचा निःश्वास टाकायच्या. पुस्तकातली ती पानं बऱ्याच जणींनी पिनाच मारून बंद केली होती, भावाच्या हाती लागू नयेत म्हणून. हृदयाचे कप्पे, मेंदूचे भाग, पायाच्या बोटांची हाडं सगळ्या पोपटासारख्या म्हणून दाखवायच्या. स्वतःच्या मांड्यांमध्ये काय आहे तेवढं सोडून. अशी तीन वर्षं गेली, आणि त्याची लाज तिला वाटायला हवी होती तेवढी वाटली नाही. हे सांगायलाच हवं.

मग जनकाबाई आल्या. मुलींची ड्युटी एका खासगी दवाखान्यात लागायची, तिथे सकाळी जनकाबाई बाळंत झाल्या होत्या. दुपारी धम्मशीला फेरीला गेली तर बाई खाटेचा दांडा धरून कण्हत होत्या. ओठ चावून रक्त आलेलं. पोट बेंबीपर्यंत टणक फुगलेलं. नळी तर घातलेली होती, पण पिशवी कोरडी. कागदावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'लघवी नाही.' लिहिणारी जयमाला, वर्गातली पहिल्या नंबरची मुलगी, शेजारी रडकुंडीला येऊन उभी. डॉक्टर एका ऑपरेशनमध्ये अडकलेले.

धम्मशीलाने पांघरूण उचललं आणि तिला सगळं समजलं. जयमालाने नळी लघवीच्या वाटेत घातलीच नव्हती. जिथून बाळ आलं त्या वाटेत घातली होती, टाक्यांना घासून. सकाळपासून तीनदा. धम्मशीलाने ती नळी तशीच राहू दिली, म्हणजे पुन्हा त्याच वाटेत जायला नको, आणि दुसरी, नवी नळी वरच्या बारीक छिद्रातून आत सरकवली. पिशवी भरायला लागली. लिटरभर भरली. जनकाबाईंचे डोळे मिटले आणि त्यातून पाणी वाहायला लागलं.

बाहेर व्हरांड्यात नेऊन तिने जयमालाला विचारलं, बाईला खाली किती वाटा असतात?

"दोन," जयमाला म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाबरत म्हणाली, "मॅडम, तुमीच तं सांगतलं होतं, हा धडा सोडला तरी चालते म्हणून."

धम्मशीला तशीच संडासात गेली आणि भडाभडा ओकली. अळ्यांनी जे झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. वामनरावांची किळस होतीच. पण ते बोलून चालून खतवाले. शिकवायचा पगार तिने स्वतः घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कात्रीने नाडी कापली, परकर खाली दुकानाच्या काउंटरवर नेऊन ठेवला आणि वामनरावांना सांगितलं, की मी तो धडा आज शिकवणार आहे, मला कामावरून काढायचं असेल तर धडा संपल्यावर काढा. वामनरावांचं तोंड कडू झालं. पोरींचे बाप दाखले काढून नेतील, माझी अब्रू जाईल, असं बरंच बडबडले. शेवटी, काही वेडंवाकडं बोलते का ते ऐकायला, त्यांनी आशाबाईंना वर्गात नेऊन बसवलं.

आशाबाई मागच्या बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसल्या. आधी खिडकीकडे बघत होत्या. धम्मशीलाने एकेक भाग बोट ठेवून दाखवला, नाव सांगितलं, मुलींकडून वदवून घेतलं. प्रत्येकीला नळी घालायला लावली. कुणी हसलं नाही. गर्भपिशवी जागेवर कशी टांगलेली असते हे तिने फळ्यावर काढून दाखवलं, तेव्हा आशाबाईंची मान खिडकीकडून वळली ती वळलीच. मग पुढचे दोन तास त्यांनी पापणी हलवली नाही.

वर्ग सुटला. मुली गेल्या. आशाबाई बसूनच होत्या. धम्मशीला मनात म्हणाली, आता आली तक्रार. पण त्या उठल्या, दार लोटून घेतलं आणि जवळ येऊन दबक्या आवाजात बोलल्या.

"मॅडम, हे अंग भाईर येते, ते साऱ्याच बायायचं येते ना?"

धम्मशीलाने खडू खाली ठेवला. तिने विचारलं, कधीपासून?

"शिवमच्या टायमापासून."

शिवम त्यांचा धाकटा. मागच्याच महिन्यात त्याचं लग्न झालं होतं. गर्भपिशवी खाली उतरलेली, आणि पंचवीस-सव्वीस वर्षं ही बाई कपड्याची चुंबळ आत कोंबून चालत होती. जडपणा, वास, बसता-उठता रक्त, सगळं सोसून पायऱ्या चढत होती. सरांना ठाऊक आहे का, असं विचारल्यावर त्यांनी होकाराची मान हलवली. ते म्हणाले होते, बायांचं असंच राहतं, कुठं बोलू नको. खालच्या दुकानात वामनराव कुणाला तरी युरियाचा भाव सांगत होते, तो आवाजही धम्मशीलाला सहन होईना.

तिने आशाबाईंचा हात धरून त्यांना बाकावर बसवलं. म्हणाली, "नाही काकू. साऱ्यायचं येत नाही. हा आजार हाये, अन् बरा होते."

आशाबाईंनी ते ऐकलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मंग मले कोणी सांगतलं काऊन नाही?" त्या म्हणाल्या.